गोणपाट, दुधाचा रंग आणि खुंटीवरची खुर्ची

नमस्कार. मागच्या अंकात माझ्या कामावर दोन पानं आली होती, गिरगावातल्या चाळीत बसून जुन्या अमेरिकन खेड्यांतली हस्तकला करणारी बाई म्हणून, आणि त्यानंतर संपादकांकडे इतके प्रश्न आले की त्यांनी या महिन्याचं सदर मलाच दिलं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, पण जे तीन-चार जणांनी सारखेच विचारलेत ते एकत्र केलेत आणि ज्यात सांगण्यासारखं खूप आहे तिथे जरा जास्तच लिहिलंय.

प्रश्न: ताई, मुंबईत राहून तुम्हाला अमेरिकेतल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या वस्तूंची ओढ कशी लागली? आणि दिवसभर नक्की करता काय? (एक वाचक, दहिसर)

ओढ लागली बाळंतपणामुळे. १६ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला मी मॅसॅच्युसेट्सला गेले, आई नव्हती म्हणून मीच, आणि सहा महिने राहिले. बाळ झोपलं की बाहेर बर्फ आणि घरात शांतता, करायला काही नाही. शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, त्या रोज दुपारी खिडकीत बसून लाकडी चौकटीवर काहीतरी ओढत असायच्या, एकदा धीर करून बघायला गेले तर चौकटीवर ताणलेलं होतं चक्क गोणपाट! आपल्या तांदळाच्या पोत्याचं असतं ना, तेच. आणि त्यातून जुन्या लोकरी कोटाच्या पट्ट्या आकड्याने वर ओढून त्या रगावर, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या छोट्या गालिच्यावर, गुलाब भरत होत्या. माझी आजी साताऱ्याकडची, तिच्या गोधड्यांच्या ढिगात मी वाढले, त्यामुळे मला ते परकं वाटलंच नाही, बोलणं अर्धंच कळायचं पण हात बघून सगळं कळत होतं.

त्याच बाईंनी मला ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज दाखवलं. १८३० च्या सुमाराचं न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतलं, गाव उभं केलेलं म्युझियम आहे ते, १९४६ पासून लोकांसाठी उघडं आहे, आणि तिथे कुंभार खरंच चाकावर भांडी घडवतो, पत्र्याचं काम करणारा खरंच पत्रा कापून कंदील करतो. मी तिथे दिवसभर उभी होते. काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू मला नुसती बघता येते, पण कोणीतरी ती करताना दिसलं की माझे हात शिवशिवतात.

आता दिवस कसा जातो ते. आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं, त्यामुळे जाग तेव्हाच येते, पाणी भरून चहा घेऊन सहा-साडेसहाला मी गॅलरीत बसते कारण रंगाला रंग लावून बघायला सकाळच्या उजेडासारखा उजेड नाही, ट्यूबलाइटखाली जो मातकट लाल वाटतो तो सकाळी बघितला की गुलाबी निघतो. नऊपर्यंत पट्ट्या कापणं, रंग जुळवणं. मग घरचं. दुपारी बारा ते चार चौकटीवर बसते. संध्याकाळी चाळीतली दोन-तीन पोरं येतात, त्यांना पट्ट्या कापायला फार आवडतं.

आमची खोली एकच, वर पोटमाळा. त्यात हे सगळं मावतं ते शेकर लोकांमुळे. शेकर हा एक ख्रिस्ती पंथ, त्यांच्या पुढारी अॅन ली या बाई १७७४ मध्ये इंग्लंडहून न्यूयॉर्कला आल्या, आणि या लोकांनी साधेपणालाच धर्म मानून इतकं सुंदर फर्निचर केलं की आजही लोक बघत राहतात. त्यांच्या खोलीत भिंतीभर एक लाकडी पट्टी आणि तिला ओळीने खुंट्या. टोपी, झाडू, आरसा, सगळं खुंटीला, आणि केर काढायच्या वेळी खुर्च्यासुद्धा उलट्या करून खुंटीला, उलट्या अशासाठी की बसायच्या बाजूवर धूळ बसू नये. मी हे वाचलं तेव्हा आमच्या खोलीतल्या जुन्या खुंट्यांकडे बघितलं, ज्या काढून तिथे कपाट करायचं आम्ही ठरवत होतो. काढल्या नाहीत, उलट सुताराकडून आणखी अकरा करून घेतल्या. आता दोन खुर्च्या, चौकट, सुपली, पिशव्या सगळं वर, आणि खाली जमीन मोकळी. दहा बाय बाराच्या खोलीत मोकळी जमीन म्हणजे काय ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल.

प्रश्न: तो गोणपाटावरचा रग घरी करता येईल का? सामान इथे मिळतं का? (कल्याण, विलेपार्ले आणि पनवेलहून तिघींनी विचारलंय)

येईल, आणि सगळं सामान मुंबईत मिळतं, बाहेरून काहीही मागवू नका.

आधी थोडं सांगते कारण मला ही गोष्ट फार जवळची आहे. हे रग अमेरिकेत मेन राज्यात आणि त्याला लागून कॅनडाच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जोरात सुरू झाले. श्रीमंतांकडे विकतचे गालिचे, गरीब कोळ्या-शेतकऱ्यांच्या घरात थंडगार लाकडी जमीन. १८५० नंतर तिकडे धान्याची, कॉफीची पोती येऊ लागली, तागाची, आणि तो ताग आपल्या बंगालचा. रिकामं पोतं उसवायचं, धुवायचं, चौकटीवर ताणायचं आणि घरातले फाटके लोकरी कपडे पट्ट्या करून त्यात भरायचे. म्हणजे ज्याला आज अमेरिकन लोककला म्हणतात तिचा पायाच बंगालच्या शेतातला, हे कळलं तेव्हा मला अंगावर काटा आला होता. पुढे मेनमधल्या बिडेफर्ड गावच्या एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट नावाच्या फेरीवाल्याने, दारोदार पत्र्याची भांडी विकायचा तो, १८६० च्या दशकात पत्र्याचे छाप कापून गोणपाटावर नक्षी छापून विकायला सुरुवात केली. आपल्याकडे रांगोळीचे छाप विकतात ना, अगदी तसं. बायकांना ते सोयीचं झालं, पण माझं मत विचाराल तर छापाआधीचे रग जास्त जिवंत आहेत. मांजर वाकडं, घोड्याचे पाय आखूड, पण ते मांजर त्या घरातलंच आहे हे बघताक्षणी कळतं.

आता कृती. गोणपाट घट्ट विणीचं घ्या, मस्जिद बंदरला पोत्यांच्या दुकानांत मिळतं, फक्त ज्यात आधी काही भरलेलं होतं असं असेल तर दोनदा धुवा. खूप वर्षं टिकायला हवं असेल तर गोणपाटाऐवजी जाड सुती मॅटी घ्या, कारण ताग जसजसा जुना होतो तसा कडक होऊन तुटतो, मी पहिले रग गोणपाटावर केले आणि आता मॅटीवर करते. भरतकामाची मोठी लाकडी रिंग चालते, नाहीतर चार पट्ट्या ठोकून चौकट. आकडा म्हणजे जाड स्टीलची क्रोशाची सुई, ती मागून कापून कानशीला लावतात त्या लाकडी मुठीत बसवायची, लोहार चाळीत मूठ मिळते आणि तिथलाच कोणीतरी बसवूनही देतो.

कपडा हा खरा प्रश्न, कारण मुंबईत लोकर कुठली. मी बोहारणीला सांगून ठेवलंय, लग्नातले जुने सूट, लोकरी शाली, कोणाचे उटीला घेतलेले कोट, जे येईल ते ती माझ्यासाठी बाजूला काढते आणि मी तिला पैसे देते. लोकर आधी गरम पाण्यात धुवून चांगली आटवायची म्हणजे वीण घट्ट होते आणि पट्टीचे दोरे सुटत नाहीत. लोकर नाही मिळाली तर जुने टीशर्ट घ्या, होजियरीचं कापड मस्त चालतं. सुती साडी मात्र नको, तिचे दोरे फार निघतात, ती गोधडीलाच बरी.

पट्टी पाव इंच रुंद. डावा हात पट्टी धरून कापडाखाली, उजव्या हाताने आकडा वरून भोकात घालायचा, पट्टी पकडायची आणि वर ओढून छोटा फासा ठेवायचा, पट्टी जितकी रुंद तितकाच उंच. गाठ कुठेच मारायची नाही, फासे एकमेकांना खेटून बसतात आणि त्या दाटीनेच जागेवर राहतात, पट्टीची टोकं वर काढून फाशांच्या उंचीला कापायची. नवीन माणसाची एक चूक ठरलेली, प्रत्येक भोकात फासा काढतात आणि मग रग वाटीसारखा वर वळतो. एक-दोन भोकं सोडत जा. आणि कपडा किती लागेल याचा अंदाज बहुतेकींचा चुकतो, जेवढी जागा भरायची तिच्या चार ते पाच पट कापड लागतं, त्यामुळे पार्श्वभूमीचा रंग आधीच भरपूर जमवून ठेवा, मध्येच संपला तर तोच परत मिळत नाही. पूर्वीच्या बायकांचाही असाच संपायचा, जुन्या रगांमध्ये एका कोपऱ्यात काळ्याचा एकदम तपकिरी झालेला दिसतो. मला तो कोपराच सगळ्यात आवडतो, पण तो बळंच आणू नका.

प्रश्न: मी नेटवर वाचून दुधाचा रंग, म्हणजे दूध आणि चुना कालवून करतात तो, केला आणि लाकडी स्टुलाला लावला. दोन दिवसांत उरलेला रंग नासला, वास सुटला आणि स्टुलावरचा रंग पापुद्रे येऊन निघाला. काय चुकलं? (एक वाचक, ठाणे)

तीन गोष्टी चुकल्या असाव्यात.

दूध. तुम्ही बहुतेक घरातलं पिशवीचं फुल क्रीम घेतलंत. या रंगात काम करतं ते दुधातलं प्रथिन, केसीन. ते चुन्याबरोबर मिळालं की वाळल्यावर पाण्यात न विरघळणारं घट्ट होतं. साय, लोणी, म्हणजे चरबी, ती यात अडथळाच करते, म्हणून स्किम दूधच हवं. जुन्या अमेरिकन शेतावर लोणी काढून घेतल्यावर पातळ दूध ढिगाने उरायचं, चुना आणि माती तर घरचीच, म्हणून हा रंग.

मी करते ते असं. १ लिटर स्किम दुधाला साधारण ३० ग्रॅम विझवलेला चुना, आधी थोड्या दुधात चुना कालवून दाटसर करायचा मग उरलेलं दूध हळूहळू घालायचं, फडक्यातून गाळायचं, मग रंग. रंग चुन्यात टिकणारे हवेत, गेरू, पिवळी माती, काजळी, आणि आपण भिंतीच्या चुन्यात टाकायचो ती नीळ. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, चष्मा आणि हातमोजे घालूनच करा, लहान मुलांना यावेळी जवळ घेऊ नका.

दुसरं म्हणजे हा रंग ठेवायचाच नसतो. दूध आहे ते, मुंबईच्या हवेत नासणारच, त्या दिवशी लागेल तेवढाच करा.

तिसरं स्टूल. त्याला आधीचं पॉलिश असणार. दुधाचा रंग लाकडात मुरावा लागतो, पॉलिशवर, सनमायकावर तो नुसता बसतो आणि सुटतो. कोरं लाकूड हवं. साग तेलकट असतो त्यामुळे सागावरही मला त्रास झालाय. सगळ्यात छान बसतो पाइनवर, आणि पाइन मुंबईत स्वस्तात मिळतं, मशिनरीच्या पेट्या आणि पॅलेट येतात ना, रे रोडकडे ते लाकूड सुटं विकतात. तिकडच्या जुन्या कपाटांचं लाकूडही पुष्कळदा पाइनच असायचं, तेव्हा तुम्ही काही हलकं वापरताय असं मनात आणू नका. वाळल्यावर वरून जवसाचं तेल किंवा मेण चोळा, रंग एकदम खोल दिसतो. वास वाळल्यावर जातो. जवसाचं तेल पुसलेलं फडकं मात्र चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं, दोरीवर पसरून वाळवा आणि मगच फेका.

प्रश्न: आजोबांच्या घरी भिंतीवर अँसोनिया कंपनीचं घड्याळ आहे. ते खरंच अमेरिकन आहे का? पॉलिश करावं का? मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याला पाठवायचं आहे. (एक आजी, गोरेगाव)

आजी, अँसोनिया ही अमेरिकन कंपनी, कनेक्टिकटमध्ये १८५० मध्ये सुरू झाली आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला गेली, १९२९ च्या सुमाराला बंद पडून तिची यंत्रं सोव्हिएत रशियाने विकत घेतली. तिची आणि सेठ थॉमस या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची घड्याळं आपल्याकडच्या वाड्यांत, पारशी घरांत पुष्कळ होती. तुमचं आजोबांच्या वेळेपासून त्याच भिंतीवर आहे म्हणजे ते खरं असण्याचा संभव चांगला आहे. पण बाजारात डायलवर नाव बघून विश्वास ठेवू नये, कागदी डायल नवीन छापून मिळते. दुरुस्तीवाल्याला आतलं यंत्र काढायला सांगा आणि पितळी पट्टीवर नाव ठोकलेलं आहे का बघा. पेटीला आतून जुनी, आता वापरात नसलेली स्क्रूची भोकं असतील तर यंत्र नंतर दुसरं बसवलेलं असू शकतं.

पॉलिश नका करू. जुना रंग, काळपट झालेलं लाकूड, चावीजवळ बोटांनी झालेला गुळगुळीत भाग, हे गेलं की परत येत नाही. मऊ कोरड्या फडक्याने पुसा एवढंच. खोबरेल तेल आत घालू नका, ते चिकट होऊन चाकं अडकतात. काटे उलटे फिरवू नका. आणि हलवताना लंबक काढून वेगळा गुंडाळा.

पाठवायचं म्हणाल तर थांबा. आपल्याकडे १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, ऐतिहासिक महत्त्वाची १०० वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्यात मोडत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. तो आधी विचारा, मगच पॅकिंग. आणि मनातलं सांगू का, ते घड्याळ इथेच चालू द्या, मुलगा आला की आठवड्याची चावी त्याला द्यायला लावा.

ता.क. तुम्ही डिटमारचा दिवाही अमेरिकन का असं विचारलंय. डिटमार व्हिएन्नाचे. अमेरिकन कंदील डीट्झचे, नावं जवळची आहेत म्हणून गोंधळ होतो.

प्रश्न: चोर बाजारात जुनं म्हणून दाखवतात ते जुनं आहे हे कसं ओळखायचं? (एक वाचक, भांडुप)

नावावर, गोष्टीवर जाऊ नका, वस्तू उलटी करा. खालून, मागून, खणाच्या आतून बघा, कारण पुढची बाजू कोणीही सजवतो.

खिळे बघा. पूर्वी खिळे लोहार ठोकायचा, मग १७९० च्या आसपासपासून पत्र्यातून कापलेले चौकोनी खिळे आले, आणि १८९० नंतर तारेचे गोल खिळे सगळीकडे झाले. करवतीच्या खुणा सरळ असतील तर हाताची किंवा वरखाली चालणारी करवत, गोल कमानीसारख्या असतील तर चक्राची, ती तिकडे साधारण १८३० पासून पसरली. आणि मला आवडणारी खूण म्हणजे गोल टेबल. लाकूड वाळताना रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे खरं जुनं गोल टेबल आता गोल राहिलेलं नसतं, टेप दोन्हीकडून धरा, थोडा फरक यायलाच हवा. अगदी अचूक गोल निघालं तर मला शंका येते.

झीज कुठे आहे तेही बघा. खुर्चीच्या पुढच्या दांडीवर पाय ठेवून ठेवून खड्डा पडतो, मागच्या दांडीवर नाही. सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिश पेपरची.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर शुक्रवारी दुकानं बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर वेगळा जुना बाजार भरतो, तिथे जायचं तर टॉर्च न्या. फर्निचरला ओशिवरा. जुन्या वस्तूवरचा सुटणारा रंग घासू नका, त्यात शिसं असू शकतं. तसंच जुन्या लाल मातीच्या चकचकीत भांड्यांचं, तिकडच्या रेडवेअरला शिशाचं ग्लेझ द्यायचे, त्यात लोणचं-दही काही ठेवायचं नाही, शोभेलाच ठेवा.

प्रश्न: आपली वारली आहे, गोधडी आहे, ते सोडून परदेशी कला कशाला? (चार वाचकांनी थोड्याफार रागानेच विचारलंय)

राग समजते मी. पण सोडलं काहीच नाही, गोधडी मी दरवर्षी दोन तरी शिवते, आणि माझ्या रगातला धावदोऱ्यासारखा गोल गोल फिरत जाणारा भराव आजीच्या गोधडीतूनच आलाय.

वारली मी करत नाही कारण ती माझी नाही. ती त्या समाजाच्या सवाशिणींनी लग्नात घराच्या भिंतीवर काढायची चित्रं, तिथून जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ती कागदावर नेली आणि जगाला दाखवली. मी कॉफीच्या कपावर ती माणसं काढून विकली तर मला झोप लागणार नाही. आता तुम्ही विचाराल की अमेरिकन बायकांची कला तरी तुझी कुठेय. बरोबर आहे. म्हणून मी त्यांच्या नक्ष्या घेत नाही, पद्धत घेते, ती मला एका बाईने समोर बसवून शिकवली आणि दुसरीला शिकव म्हणाली. नक्षी माझी असते. आमच्या जिन्यातली मांजरं, फणसवाडीतला फुलवाला, भरतीचं चौपाटीचं पाणी.

आणि हे देणंघेणं आजचं नाही हो. अठराव्या शतकात तिकडच्या बायकांच्या पलंगावर आपल्या कोरोमंडल किनाऱ्याचे पलंगपोस असायचे, इंग्रजीत त्याला पॅलमपोर म्हणतात, शब्द बघा कुठून आलाय ते. तो महाग छापील कपडा फाटला की त्यातली फुलं-पक्षी कापून नव्या पांढऱ्या रजईवर शिवायच्या, वाया काही घालवायचं नाही. आजीचा चिटाचा परकर आठवतो का, ते चीट आणि इंग्रजीतलं चिंट्झ एकाच घरचं. गळ्यातला बँडाना बांधणीवरून. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरातून आपल्याकडे जहाजं यायची, तिथल्या कप्तानांनी १७९९ मध्ये संस्था काढून आणलेल्या वस्तू जमवायला सुरुवात केली, ते आता पीबडी एसेक्स म्युझियम आहे. तिथे मी आपल्याकडच्या वस्तूंसमोर उभी राहिले तेव्हा वाटलं, या बायकांनी आपलं कापड कापून आपलंसं केलं तर मी त्यांचा आकडा हातात घेतला यात वावगं काय.

प्रश्न: यातून पोट भरतं का? आणि तुम्ही रगामागे नाव का भरता? (एक वाचक, चेंबूर)

पूर्ण नाही भरत. आठवड्याला दोन क्लास घेते, दिवाळीआधी ऑर्डर असतात, नवऱ्याची पेन्शन आहे. दोन बाय तीन फुटाच्या रगाला मला पाच-सहा आठवडे लागतात आणि त्याची किंमत सांगितली की पुष्कळजण गप्प होतात.

नावाचं मात्र कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने माझ्याकडून तीन रग घेतले, आणि सहा महिन्यांनी ओळखीच्या एका बाईंच्या घरी मी गेले तर त्यातलाच एक जमिनीवर, त्यांना तो शंभर वर्षं जुना अमेरिकन रग म्हणून विकलेला. चहात बुडवून पिवळा केलेला होता. मी त्यांना तिथेच खरं सांगितलं, त्यांना वाईट वाटलं, मला तर त्याहून वाईट. पैशाचं नाही एवढं, पण माझ्या हातांना खोट्या गोष्टीत गोवलं. तेव्हापासून मागे नाव, गिरगाव आणि वर्ष, उसवता येणार नाही असं भरते.

नाव घालण्याची रीत जुनीच आहे. लहान मुली भरतकाम शिकताना मुळाक्षरं भरायच्या आणि खाली स्वतःचं नाव, तिकडचा सगळ्यात जुना असा नमुना लोआरा स्टँडिश या मुलीचा, सतराव्या शतकाच्या मध्याचा, प्लिमथच्या म्युझियममध्ये आहे. साउथ कॅरोलायनात डेव्हिड ड्रेक नावाचा गुलाम कुंभार होता, गुलामाला लिहायला शिकवणं जिथे कायद्याने गुन्हा होतं तिथे तो आपल्या रांजणांवर डेव्ह असं नाव, तारीख आणि स्वतःच्या दोन ओळी कोरायचा. आणि हॅरिएट पॉवर्स. जॉर्जियात गुलामीत जन्मलेली बाई, तिने बायबलच्या गोष्टींची रजई शिवली, १८८६ मध्ये प्रदर्शनात मांडली, एका चित्रकार बाईंनी मागितली तरी तिने दिली नाही. पुढे घरात अडचण आली तेव्हा १० डॉलर मागितले आणि १८९१ मध्ये ५ डॉलरला द्यावी लागली. देताना तिने एकेक चौकोन समजावून सांगितला आणि घेणाऱ्या बाईंनी तो लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला अर्थ माहीत आहे, रजई आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. मी हे क्लासमध्ये दर वेळी सांगते आणि दर वेळी माझा आवाज बसतो. तुमच्या घरातल्या गोधडीवर कोणाचं नाव आहे? आजच एक चिंधी शिवून त्यावर आजीचं नाव लिहा.

प्रश्न: मुलांना दिवाळीत करता येईल असं काहीतरी सांगा. (एक आई, डोंबिवली)

पत्र्याचा भोकाचा कंदील. काच महाग होती तेव्हा तिकडे पत्र्याला भोकं पाडून कंदील करायचे, उजेड बाहेर येतो आणि वाऱ्याने ज्योत विझत नाही. रिकामा डबा घ्या, कडा धारदार असेल तर आधी ठोकून घ्या, वर दोन बोटं जागा सोडून पाणी भरा आणि फ्रीझरमध्ये घट्ट बर्फ करा. बर्फामुळे ठोकताना डबा चेपत नाही. कागदावर नक्षी काढून चिकटवा, टॉवेलवर आडवा ठेवून खिळा आणि हातोडीने टिंबं पाडा. बर्फ वितळला की पुसून आत पणती. मोठं माणूस शेजारी हवंच.

प्रश्न: पावसाळ्यात लोकरीच्या रगाला बुरशी आणि कसर लागते, काय करू? (एक वाचक, वसई)

मे महिन्यातच उचलून ठेवा. झटकू नका, आपटू नका, जोराचा व्हॅक्यूमही नको, मशीनमध्ये तर कधीच नाही. हलक्या ब्रशने झाडा. मग फासे बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळी करा, घडी घालू नका, घडीवर गोणपाट तुटतं. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही. कसर दिसलीच तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, घरातले हसतात पण उपाय चालतो. ऑक्टोबरमध्ये ऊन पडलं की सावलीत ठेवून वारा द्या.

प्रश्न: मी ७४ वर्षांची आहे, संधिवाताने बोटं वळत नाहीत, पूर्वी भरतकाम करायचे. आता काही होईल का? (एक आजी, दादर)

आजी, अॅना मेरी रॉबर्टसन मोझेस, जिला सगळे ग्रँडमा मोझेस म्हणतात, तीही लोकरीच्या धाग्याने चित्रं भरायची, संधिवाताने सुई धरवेना म्हणून सत्तरी ओलांडल्यावर रंग हातात घेतले. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावच्या औषधाच्या दुकानात तिची चित्रं लावलेली असायची, १९३८ मध्ये तिथून जाणाऱ्या एका संग्राहकाने ती बघितली आणि घेतली. १०१ वर्षं जगली ती, शेवटच्या वर्षापर्यंत चित्रं काढत होती.

पण तुम्हाला रंग घ्यायलाच हवा असं नाही. आकड्याच्या मुठीला जुना बनियान गुंडाळून दोऱ्याने बांधा म्हणजे मूठ जाड होते आणि बोटं पूर्ण वळवावी लागत नाहीत. पट्टी अर्धा इंच रुंद घ्या, कापड टीशर्टचं, ते मऊ असतं. गोणपाटाची वीण जरा सैल निवडा. पहिल्यांदा बशीएवढाच गोल करा, चहाच्या कपाखाली ठेवायला, आणि एका वेळी पंधरा मिनिटंच बसा. पट्ट्या कापून कोणी देणारं नसेल तर संपादकांकडे कळवा, आमच्या चाळीतली पोरं कापून देतील, शनिवारी मी दादरला भाजीला येतेच.